ब्रेकमधली हवा

प्रिय जावईबापू,

असं लिहिलं की तुला हसू येतं, माहीत आहे मला. सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायचो. मग एकदा तू जॅक वाकडा लावलास, माझ्या तोंडून "अरे गाढवा" निघून गेलं, आणि तेव्हापासून अरे-तुरेच राहिलं. गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, त्याला मी "बघू" म्हणून फोन ठेवून दिला. दातांच्या त्या डॉक्टरीणबाईंशी तुला लग्न करायचंय, पण "अण्णा, तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला." असला भार म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर टाकतात का रे? उत्तर देतो. पण ब्रेकमधली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते, तसा मीही जरा लांबून येतो. आधी गाडीचं सांगतो.

गाडी सुरू झाली. कार्ब्युरेटर उघडून साफ केला, डायनॅमोचे ब्रश बदलले, वायरिंग सगळी नवी ओढली. अर्थात पोथी समोर ठेवून. त्या जाडजूड वर्कशॉप मॅन्युअलला पोथी हे नाव आपल्या पोरीनेच ठेवलेलं, आणि वाचून दाखवायचं कामही तिचंच. पोथी म्हणते, 'नट सैल करून पंखा अलगद बाजूला काढावा.' लिहिणाऱ्याला एकदा इथे आणून तो नट दाखवायला हवा. मला रॉकेल लागलं, हातोडी लागली आणि बोटांची सालटी गेली ती वेगळीच. ती असती तर 'अलगद'वर मुद्दाम थांबली असती, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. आता वाचायचंही मीच आणि हसायचंही मीच. चष्म्याला ऑइल लागतं, अक्षर पुसट दिसतं. खोटं कशाला बोलू, दरवेळी ते ऑइलच असतं असं नाही.

ती आजारी पडली त्याच आठवड्यात आपण गाडी ठोकळ्यांवर चढवली होती, आठवतं? तुम्ही दोघं त्या गाडीतून समुद्रावर जाणार होतात. पुढे दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, गाडी कुणाला सुचतेय. ती गेल्यावर मला घर खायला उठायचं, म्हणून मी पुन्हा गॅरेजात शिरलो. एकट्याने होण्यासारखी होती ती सगळी कामं उरकली. उरले ब्रेक, त्यांच्या नळ्यांत हवा शिरलेली, पेडल नुसतंच आत जायचं. पोथीत त्या प्रकरणाच्या डोक्यावरच छापलंय, 'मदतनीस आवश्यक'. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून स्क्रू सैल करायचा, बुडबुडे नळीतून बाटलीत जाऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा आणि मगच वरच्याला "सोड" म्हणायचं. त्याआधी पाय उचलला की हवा परत आत, केलेलं सगळं पाण्यात. पाय पेडलपर्यंत पोचायला लागल्यापासून हे काम तिचं. मी खालून "दाब" म्हणायचो, वरून यायचं, "धरलाय, अण्णा." कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, मी येऊन बसतो, नाहीतर एकट्याने करायची नळी मिळते ती आणा. मी त्याला वाटेला लावलं. त्या सीटवर मला दुसरं कोणी नको होतं. म्हणून गाडी चालणारी, पण थांबू न शकणारी, अशीच उभी होती.

आणि काल सकाळी तुझ्या डॉक्टरीणबाई दारात. तुला न सांगता आल्या, म्हणून रागावू नकोस. मी गाडीखाली होतो, मला आधी नुसते त्यांचे बूट दिसले. म्हटलं, आल्या होकार न्यायला. चार शब्द ऐकवायचेच असं ठरवून बाहेर सरकलो. तर त्या म्हणाल्या, "तुमचं मन नसेल तर फक्त मला सांगा. मीच मागे फिरते. त्याला कारण कळणार नाही, तुम्ही त्याच्यापासून तुटायला नकोत." माणूस भांडायला आलं तर बरं असतं, निदान तोंड उघडता येतं. मी हात पुसले आणि विचारलं, जरा पेडलवर पाय ठेवता का?

सीट आपल्या पोरीच्या मापाने पुढे ओढलेली. या बाई चांगल्या उंच, त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. पण त्यांनी सीट सरकवली नाही. सरकवू का, असंसुद्धा विचारलं नाही. अंग चोरून तशाच बसल्या. मी लांबच्या चाकाखाली शिरलो. "दाबा" म्हणायचं, तर सवयीने "दाब"च निघालं. वरून आलं, "धरलाय." स्क्रू सैल केला, बुडबुडे आले, आवळला. आणि पुढचा शब्द मला फुटेचना. तिथेच पाठीवर पडून रडलो. पोरीला निरोप दिला त्या दिवशीही असा रडलो नव्हतो. वरून एकदाही "सोडू का" आलं नाही. पाय नक्कीच भरून आला असणार. बऱ्याच वेळाने अगदी हळू आवाज आला, "धरलाय मी. होऊ द्या तुमचं."

मग चारही चाकं झाली. पेडल आता घट्ट लागतंय.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच. ती गेल्यापासून तूही पाय दाबून धरून बसलायस, मी खालून सांगेपर्यंत. तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही, तिच्या जागी दुसरं कोणी बसलेलं बघून पुढेही माझ्या पोटात तुटेल. तुटू दे. मला भीती निराळीच होती, तू लग्न केलंस की मी तुझा कोण उरलो? ती भीती काल गेली. तेव्हा सोड आता, लग्न कर. रविवारी दोघं या आणि गाडी समुद्रावर घेऊन जा. सीट मी मागे सरकवून ठेवली आहे.

अजूनही तुझाच सासरा,
अण्णा