पट्टा काढून बघा

प्रिय सूनबाई,

अजून तुला असं म्हणायचा हक्क मला उरलाय का, या विचारात दोन कागद फाडून झाले. हा तिसरा. हा फाडणार नाही, कारण एका जागी मला फार वेळ बसवत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायचा धीर नाही. मध्येच उठते, गॅस बंद आहे ना बघते, दाराची कडी बघते, परत येऊन बसते. अक्षर कुठे एकदम बदललेलं दिसलं तर समज, म्हातारी एक फेरी मारून आली.

बातमी अशी की मी गाडी घेतली. हसू नकोस. सायकलसुद्धा न येणाऱ्या बाईने सात माणसं बसतील एवढी एसयूव्ही घेतली, आणि तीही बंद पडलेली. आपल्या मागच्या भिंतीपलीकडे कंत्राटदाराच्या आवारात निळ्या ताडपत्रीखाली उभी असायची ना, तीच. चारही टायर बसलेले, काचेवर एवढी धूळ की कुणीतरी बोटाने दात विचकलेलं तोंड काढून ठेवलेलं. कंत्राटदार भंगारवाल्याशी बोलत होता, तेवढ्यात मी भिंतीवरून विचारलं, हा देतो तेवढेच मी दिले तर? त्याला थट्टा वाटली. म्हणाला, "काकू, इंजिन जाम आहे हिचं. काय करणार, कोंबड्या पाळणार आत?" मी म्हटलं, ते माझं मी बघेन.

तुझ्या नवऱ्याला चार दिवसांनी कळलं. ओरडला नाही. आधी फोन बाजूला ठेवला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, आई, तुला बरं वाटत नाहीये का? तू गेल्यापासून आमचं बोलणं एवढंच. तो येतो, जेवतो, खोलीत जातो. तीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवले, तेव्हा शांतता कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं. मशीन विकल्यापासून हातांना काम नाही. हात रिकामे असले की डोकं भलतीकडे धावतं, आणि हल्ली ते एकाच ठिकाणी जाऊन थांबतं. त्यावर मागाहून येते.

गाडी का घेतली, ते तुला आठवत असेल किंवा नसेल. तू वाळत घातलेले कपडे काढत होतीस. पलीकडे कंत्राटदार कुणाला तरी सांगत होता की चालता चालता बंद पडली, चावी फिरवली की नुसतं टक वाजतं, कंपनीवाले म्हणतात नवीन इंजिन टाका. तू चिमटे तोंडात धरून ऐकत होतीस. चिमटे काढलेस आणि म्हणालीस, "दादा, इंजिन नसेलही. एसीचा कॉम्प्रेसर अडकला असेल. एकाच पट्ट्यावर आहे ना सगळं? एक अडकलं की इंजिनही फिरत नाही. पट्टा काढून बघा." तो हसला. पायरीवर बसलेला माझा मुलगाही हसला, आणि वर म्हणाला, हिला पोळी गोल येत नाही, इंजिन कळतं. मी काय केलं? मीही हसले, ग. जोरात नाही. पण हसले. तू कपडे घेऊन आत गेलीस, आणि त्या दिवशी घड्या इतक्या नीट घातल्या होत्यास की मला बघवेना.

तर गाडी ओढून मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. त्या गॅरेजाबद्दल तुला मी काय सांगणार. आत शिरताना उजव्या हाताला खुंटीवर तुझा कामाचा निळा डगला अजून तसाच लटकतोय. मी विचारलं, हा का ठेवलाय? मिस्त्री म्हणाले, डॉक्टरीणबाई येऊन स्वतः नेतील, आपण कशाला हात लावायचा. तुला तिथे गाड्यांची डॉक्टरीण म्हणतात, हे मला माहीत नव्हतं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि आधी अर्धा तास नुसता उंदरांचा संसार बाहेर काढला. कापूस, सुतळी, कुणाचा तरी मोजा. वायरी कुरतडलेल्या. मी म्हटलं, ते सगळं राहू द्या, आधी पट्टा काढा. त्यांनी काढला. मग कॉम्प्रेसरचं चाक हाताने फिरवायला गेले. जागचं हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. पण ते लगेच मान्य करणाऱ्यातले नव्हेत. म्हणाले, हे अडकलंय ते दिसतंय, पण इंजिनही जाम नसेल कशावरून, उभी राहून दोन वर्षं झालीत. त्यांनी चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस थांबायला सांगितलं.

ते दोन दिवस मला कसे गेले, विचारू नकोस. भाजी आणायला म्हणून निघायचे आणि गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहायचे. चौथ्या खेपेला मिस्त्री म्हणाले, काकू, हे काय दुधाला विरजण लावलंय का, सारखं झाकण काढून बघायला? तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाली वाकून इंजिनच्या मोठ्या नटाला पाना बसवला, पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि बाजूला झाले. म्हणाले, तुमची गाडी, तुम्ही लावा जोर. मी पदर खोचला. आधी काही नाही. मग हाताला काहीतरी मऊ लागलं, जाड कापडातून सुई एकदम पार होते ना, तसं. आणि पाइप खाली आला. इंजिन फिरलं, सूनबाई. पाव फेरी, मग अर्धी, मग सबंध. मी तिथेच टायरवर बसले आणि मला रडू आलं. मिस्त्रींना वाटलं, पाठ भरली.

नवी बॅटरी, नवं डिझेल, दुरुस्त केलेल्या वायरी, एवढं झाल्यावर आठवड्याने ती चालूही झाली. इतका काळा धूर निघाला की समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला. त्या गोंधळात, इंजिनकडे कान लावून, माझ्याकडे न बघता मिस्त्री म्हणाले, "काकू, एक विचारू? त्या घटस्फोटाच्या केसमध्ये कोर्टातून मला कागद आला. त्यात म्हटलंय की सून दुपारी कुठे जाते हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. पण तिचा डबा तर तुम्ही भरायचात. दोन माणसांचा. मलाही जेवायला घालायची त्यातलं." इंजिनचा आवाज मोठा होता, ऐकू आलं नाही असं दाखवता आलं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

गाडी पुढे वाचली नाही, हेही सांगते. लिफ्टवर चढवली तेव्हा खालची चौकट गंजून पोकळ झालेली निघाली, पेचकस घातला तर आरपार. मिस्त्री म्हणाले, रस्त्यावर आणण्यात अर्थ नाही, सुटे भाग करून विकू. तसंच केलं. दारं गेली, काचा गेल्या, गिअरबॉक्स एका शाळेच्या गाडीवाल्याने नेला. इंजिनला त्याच बनावटीची गाडी असलेलं गिऱ्हाईक मिळालं. साखळीने उचलून टेम्पोत ठेवताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, आणि जायला गॅरेज नव्हतं. हात पुन्हा रिकामे.

आता ते लिहिते, ज्यासाठी दोन कागद फाडले. कोर्टात दिलेल्या त्या जबाबावरची सही माझी आहे. वकिलाने लिहून आणलं होतं, आणि तुझा नवरा पेन उघडून उभा होता. सून रोज दुपारी न सांगता बाहेर जायची, परपुरुषांच्या संगतीत असायची, विचारलं तर उलट बोलायची. तीन वाक्यं, तिन्ही खोटी. तुला कामाला जा म्हणून मीच सांगितलं होतं, तो येण्याआधी परत ये म्हणून मीच बजावलं होतं, आणि दार उघडायलाही मीच असायचे. सही केली ती भीतीने. उतारवयात कुठे जाऊ, एवढा एकच विचार होता. परवा मी एकटी वकिलाकडे गेले आणि म्हटलं, मला हा जबाब मागे घ्यायचाय. तो म्हणाला, मुलाशी बोलून या. मी म्हटलं, बोलून झालं. तसं झालं नव्हतं, त्याच संध्याकाळी झालं. त्याने माझी बॅग काढून दारात ठेवली. हे पत्र माझ्या बहिणीच्या घरून लिहितेय. पुढच्या गुरुवारी तारीख आहे, तुझ्या वकिलाने मला बोलवावं, मी येते. माफी मागत नाही, ती द्यायची का हे तुझं तू ठरव. मी उभी राहीन तेव्हा माझ्याकडे बघितलंच पाहिजेस असंही नाही. फक्त कुणा तिऱ्हाइताकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. मला विचारतील, ती कुठे जात होती ते तुम्हाला माहीत होतं का? मी सांगणार आहे, हो, मीच पाठवत होते.

तुझीच,
आई
(हा शब्द नकोसा वाटला तर खोडून टाक, पण आधीचं सगळं वाच.)