विमानातली शेगडी

मरोदा, भिलाई
ता. २ ऑक्टोबर १९६१

ती. सौ. तुळसाताईस दौलतचा शि. सा. न. वि. वि.

अंगणात मी बांधत असलेलं विमान आता विमानासारखं दिसू लागलं आहे. प्लांटमधले सोबती त्याला अजून खुराडंच म्हणतात, पण कोंबड्या मी कालच बाहेर काढल्या. भाऊबीजेला राधाला शेजारी बसवून उडत गोंदियाला येणार, हे नक्की. रेल्वे मैदानातली गुरं तेवढी भाऊजींना हाकलायला सांग.

फक्त राधा अडून बसली आहे. वर गारठा असतो असं तिने कुठूनसं ऐकलं. पाय गरम राहणार असतील तर बसते, नाहीतर तुमचं खुराडं तुम्हीच उडवा, म्हणते. दिवसभर फर्नेससमोर भाजून निघणाऱ्या माणसाने घरी येऊन हीटर बनवायचा, तोही भिलाईत! पण बनवला. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपावर पत्र्याची खोळ चढवली. पाइप तापला की खोळीतली हवा तापते आणि नळीतून राधाच्या पायाशी येते. वेल्डिंग मी स्वतः केलं आहे, त्यामुळे काळजी नसावी.

लोभाची आच मंद होऊ देऊ नकोस.
तुझा दौलत


गोंदिया
ता. ९ ऑक्टोबर १९६१

चि. दौलतला अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून हे घरात हात पसरून फिरतात. दोन कप फुटले.

वेल्डिंग तू केलंस म्हणूनच तर काळजी आहे. तू झाळून दिलेली आईची घागर मी तुळशीपाशी ठेवली आहे. पाणी वेगळं घालावं लागत नाही. यांच्या रेल्वेच्या इंजिन शेडमधले शामराव सांगत होते की इंजिनाच्या धुरात असा वायू असतो, ज्याला वासही नसतो. माणसाला झोप लागते आणि तो उठतच नाही. पाइपाला चीर असली तर तोच वायू तुमच्या पायाशी येईल. दौलत, आईबाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तुम्ही दोघं. ते सगळंच्या सगळं एका खुराड्यात बसवू नकोस. राधाला लोकरीचे मोजे घेऊन दे.

रागावलास तरी लोभ आवरता घेऊ नकोस.
तुझी ताई


मरोदा
ता. १९ ऑक्टोबर १९६१, दसरा

ती. सौ. ताईंना राधाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हे भडकले. मी काय घागरी झाळणारा आहे का, चीर असली तर मिशी उतरवतो, म्हणाले.

काल खंडेनवमी. यांनी पान्हे, हातोडे मांडून पूजा केली. मग विमानानेच काय पाप केलं, म्हणून मी त्यालाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. धूप कुठे दाखवावा कळेना. धुराच्या पाइपालाच तोंड समजले. ते तोंड नाही, भलतंच टोक आहे, असं हे आत सीटवर बसून ओरडत होते. मी ऐकते थोडीच! लोभानाचं धुपाटणं पाइपाखाली धरलं आणि सुपाने सपासप वारा घातला.

हे आधी हसले, मग खोकू लागले. लोभानाचा धूर यांच्या पायाशी, हीटरच्या नळीतून येत होता. ताई, हे पांढरेफटक पडले. खोळ काढली तर वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर. मी खाली बसून रडू लागले. कावून रडून राहिली, असं यांनी विचारलं.

मिशी यांनी आज सकाळी उतरवली. फार वाईट दिसतात. भाऊबीजेला पॅसेंजरने येतो. गुरं मैदानातच राहू द्या.

माया अशीच असू द्यावी.
आपली राधा


गोंदिया
ता. १४ नोव्हेंबर १९६१

चि. दौलत व चि. सौ. राधास अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. बिनमिशीचा पाहुणा कोण होता, असं शेजारची गयाबाई अजून विचारते.

दौलत, नवा पाइप बसव आणि खुशाल उडव. मलाही एक फेरी हवी आहे. पण राधाने लोभान दाखवल्याशिवाय मी आत पाय ठेवणार नाही.

एक सांगायचं राहिलं. ओवाळताना माझ्या हातातलं ताट हलत होतं. ताईला थंडी वाजते असं समजून तू पाटावर बसल्या बसल्या पायाने शेगडी माझ्याकडे ढकललीस. थंडी नव्हती रे वाजत. हा पाट रिकामा राहिला असता, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

लोभ उबदार ठेवा.
तुमची ताई