अण्णांचं आमेन

१३ जुलै, रविवार

आज उपासनेत सु.ने अण्णांची साक्ष दिली. मला, त्याच्या बायकोला, एका शब्दाने न विचारता. मी पुढच्या रांगेत, पास्टरच्या बायकोने बसायचं तिथेच.
"माझे सासरे पेणचे मूर्तिकार. जन्मभर हाताने देव घडवले. पण जायच्या आधी माझ्यामागे प्रार्थना म्हटली, पापांची क्षमा मागितली, आमेन म्हणाले. आज ते प्रभूपाशी आहेत."
हालेलुया, टाळ्या. मी रडले. रागाने. लोकांना वाटलं आनंदाने.
अण्णांना जाऊन महिना व्हायचाय, आणि त्यांची गोष्ट झाली सुद्धा.

१५ जुलै, मंगळवार

त्या दिवशीचं लिहून ठेवते. नाहीतर सु.चं ऐकून ऐकून मलाच तसं आठवायला लागेल.
पेणला, कारखान्यामागच्या खोलीत. दुपार. दादा बाहेर स्प्रे मारत होता, त्या मशीनच्या आवाजात त्याला आतलं काही ऐकू येत नव्हतं. सु. गुडघ्यावर बसला, अण्णांचा हात धरला. "अण्णा, मी म्हणतो ते माझ्यामागे म्हणाल?" अण्णा म्हणाले, "हो, जावईबापू." सगळं म्हटलं. मी पापी आहे, हेही म्हटलं. शेवटी आमेन. सु. हुंदके देत बाहेर गेला, कुणाकुणाला फोन करायला.
तो गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "बरं वाटलं ना गो त्याला? रोह्यावरनं धावत आलाय. जावयाचं मन कशाला मोडायचं?" आणि मग, "माझं तोंड जरा बाप्पाकडं कर."
मी कूस वळवून दिली. हे फक्त मी ऐकलं.

१६ जुलै

अण्णांचा तो 'हो'. घरात सगळ्यांना ठाऊक. आमच्या लग्नानंतर दोन वर्षं अण्णा बोलले नाहीत, पण एकदा जावई म्हटल्यावर म्हटलं. सु.साठी अण्णांची स्वतःची हातांची खुर्ची, कपबशी, पहिलं वाढप. जावयाला नाही म्हणायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. सु.ने एकदा रक्तदाबावर सकाळी कच्चा लसूण खायला सांगितला. "हो जावईबापू." दर वेळी विचारायचा, दर वेळी हो. लसूण जायचा मोरीत.
म्हणजे आता अण्णांचा स्वर्ग त्या लसणाच्या जातीचा.
हसू आलं लिहिताना. मग नाही आलं.

२० जुलै, रविवार

कमळाबाई उपासना संपल्यावर थांबली. धरमतरकडची, नवरा बार्जवर होता, गेल्या वर्षी खाडीत बुडाला. तेव्हापासून एस.टी.ने रोह्याला येते बिचारी. माझा हात धरून म्हणाली, "ताय, तुमच्या वडलांचं बेस झालं गो. पास्टर वेलेवर पोचलं. माज्या मान्साला खाडीन कोन पोचनार? आमेन बोलाला तोंडान पानी."
मग सु.ला सरळच विचारलं, "तो कुठं हाय आता?"
सु.ने खांद्यावर हात ठेवला. आवाज इतका मऊ की मला शिसारी आली. "कमळाबाई, खोटा दिलासा देणं पाप आहे. ज्याने प्रभूला स्वीकारलं नाही त्याच्यासाठी अग्नी आहे."
"कवा सुटंल?"
"तिथून सुटका नाही."
"कदीच नाय? जेलातला बी सुटतो."
तिने पिशवी उचलली आणि स्टँडकडे गेली. मी मागे जायला हवं होतं, पण खुर्च्या आवरत बसले.

२२ जुलै

जेवताना विचारलं, कायमचं म्हणजे किती रे?
"नंदा, देव प्रेमळ आहे तसा न्यायीही आहे."
हे वाक्य पाठ आहे मला. म्हटलं, अण्णांनी माझ्यावर एकदाच हात उगारला. लहानपणी मी एका मोठ्या मूर्तीच्या डोळ्यांवर काळा रंग फासला होता, गिऱ्हाईक दारात असताना. संध्याकाळी जिलबी घेऊन आले, आणि स्वतःच गप्प गप्प. बापाचा राग संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आणि देवबापाचा संपतच नाही?
"माणसाच्या बापाशी तुलना करू नकोस."
"मग बाप कशाला म्हणायचं? साहेब म्हणू. तुझ्या कंपनीतल्यासारखा. गेटपास नाही तर बाहेर."
ताटावरून उठला. पास्टर व्हायला कंपनीची नोकरी सोडली म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात, मीही केलं होतं. भाकरी तशीच राहिली, मी खाल्ली. अन्न कशाला टाकायचं.

२ ऑगस्ट, शनिवार. पेण

दादाचा फोन आला होता, ये म्हणून. सकाळच्या गाडीने निघाले. निडी स्टेशनला गाडी उगीचच थांबून राहिली, तेवढ्यात उतरून परत फिरावंसं वाटलं.
कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. दादा आखणी करत होता, मूर्तींचे डोळे. आखणी नेहमी अण्णांची. डोळे काढताना श्वास रोखून धरायचे. दादाही धरतो, पण दोन गणपतींचे डोळे थोडे रागीट आलेत. बोलले नाही.
मान वर न करता म्हणाला, "नंदे, अण्णांना मेल्यावर बाटवलंत?" रोह्याच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाने साक्षीचं सांगितलं होतं.
"त्यांनी म्हटलं होतं, दादा. सगळं म्हटलं होतं."
"म्हटलं असंल. अण्णांचा हो तुला काय म्हायत नाय? आपल्याला कळतो. वहिनीला कळतो. तुमच्या देवाला नाय कळला?"
चहा दिला वहिनीने. अण्णांची ती हातांची खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर रंगाचे डबे.

३ ऑगस्ट, रविवार

दादाचं बोलणं डोक्यातून जात नाही. देवाला कळला नसेल, तर देव भोळा, आमच्यासारखाच फसणारा. कळला असेल, तर अण्णा आगीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी पुढच्या रांगेत बसून गाणं म्हणते.
विश्वास ठेवायचा नाही हे सोपं झालं असतं. पण माझा आहे. लग्नासाठी नव्हता घेतला मी बाप्तिस्मा. पाण्यातून वर आले तेव्हा जे वाटलं ते खरं होतं, त्याला कुणाची साक्ष नको. कुणीतरी मला पूर्ण ओळखतं आणि तरी टाकत नाही, असं वाटलं होतं. मलाच तेवढं? अण्णांना का नाही? अण्णांनी तर कुणालाच टाकलं नाही, मला सुद्धा.

१० ऑगस्ट, रविवार

पनवेलला मोठी सभा आहे. सु.ला बोलावणं. मूर्तिकाराचा जावई म्हणून. पत्रक छापणार आहेत, वर अण्णांचा फोटो. "मूर्ती घडवतानाचा आहे का गं एखादा?"
किती सहज मागितला. सणासाठी हार मागावा तसा.
म्हटलं, शोधते. माझ्या तोंडूनही अण्णांचा हो निघाला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं.
तो पायरीवर बसून बूट पुसत होता. म्हटलं, फोटो मिळणार नाही. आणि एकदमच सगळं. तू बाहेर गेल्यावर काय म्हणाले, जावयाचं मन, बाप्पाकडे तोंड. एकही शब्द मऊ केला नाही. त्याला लागावं असंच वाटत होतं मला. कमळाबाईला लागलं तेवढं तरी.
वाटलं चिडेल. सैतानाचं नाव घेईल. त्याने फडकं बुटावर ठेवलं. मग म्हणाला,
"लसूण खात नव्हते, मला माहीत होतं."
मी उंबऱ्यावर टेकले.
"एकदा मोरीत पाकळ्या पाहिल्या होत्या. तरी विचारत राह्यलो. ते हो म्हणायचे ते बरं वाटायचं. माझ्या बापाने मला घरातून काढलं, नंदा. तुझ्या बापाने खुर्ची दिली."
आणि मग माझ्याकडे बघून, अगदी लहान तोंड करून, "ते आमेन खरं नाही म्हटलं, तर मी त्यांना कुठे ठेवू? तू सांग."
मी आत आले. मला उत्तर असतं तर रोजनिशी कशाला लिहिली असती.

१७ ऑगस्ट

उपदेश क्षमेवर. सपक. पत्रकाचं काय झालं, विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही.
राग तसाच आहे. पण कुणावर ते नीट ठरत नाही, आणि ही नवीनच पीडा.

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. आळीत आरत्या. वहिनीने दादाच्या घरच्या गणपतीचा फोटो पाठवला. डोळे शांत आलेत. सु.ला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला, "अण्णांसारखे काढलेत," म्हणाला. फोन परत देताना स्क्रीन पुसून दिली. तसा तो कधी पुसत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

कमळाबाई आली. मला वाटलं होतं येणार नाही. उपदेश संपायच्या आत उठून उभी. "पास्टर, माजा सवाल तोच हाय. माजा मानूस कुठं हाय?"
सगळे तिच्याकडे वळले. सु.ने पुस्तक मिटलं.
"मला माहीत नाही," म्हणाला.
मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती भडकली. "तुमाला म्हायत नाय? मंग मना महिनाभर आगीन कशाला जालत व्हताव? रोज डोल्यासमोर दिसायचा मना तो जलताना!"
सु.ने मान खाली घातली. मागच्या रांगेतले वडीलधारे उठून बाहेर गेले, पनवेलच्या सभावाल्यांना फोन लागलाच असेल. कमळाबाई मात्र गेली नाही. खाली बसली, पदर तोंडाला लावला, आणि बसूनच राहिली.
घरी आलो. भात-आमटी केली. पनवेलच्या सभेला जाणार का, विचारलं. मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. जेवणाआधी त्याने नेहमीसारखी प्रार्थना केली. अन्नासाठी आभार, आजारी लोकांसाठी. मग थांबला. आणि अण्णांचं नाव घेतलं. कमळाबाईच्या नवऱ्याचंही. पुढे काय मागायचं ते त्याला सुचेना. मी एक डोळा उघडून पाहिलं, आमटी निवत होती आणि तो दोन्ही हात गच्च धरून बसला होता.
त्याचं मन कशाला मोडायचं? मी आमेन म्हटलं.
त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिला. हे कुठलं आमेन, असं विचारायचं होतं त्याला. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.