लाईट गेल्यावरची हमिंग

रविवार, दुपार

उस्ताद, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी एक ओळही लिहिली नाही, माफ करा. आज लिहितोय तेही अडलंय म्हणून.

लेकीच्या गिटारसाठी मी जुन्या काचेच्या व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर बांधलाय. ट्रान्सफॉर्मर तुमच्या कळमनुरीच्या दुकानातलाच, तुमच्या माघारी दुकान आवरताना काकूंनी दिलेला. चालू केला की गिटारच्या मागे घुंऽऽ अशी हमिंग. तुम्ही शिकवलं तसंच शोधत गेलो. एक हात खिशात, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून. पहिला व्हॉल्व काढला, आवाज तसाच. फिलामेंटच्या तारांना पीळ दिला, थोडा उतरला. मग दिसलं की अर्थिंगची तार मी दोन ठिकाणी पत्र्याला जोडलीय. सगळ्या तारा एका जागी आणून सोल्डरचा डाग दिला. लेक ओरडली, "गेली की बाबा!" मला मात्र ऐकू येतच होती. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "काहून लागलात त्याच्या मागं? काहीच वाजून न्हाई राहिलं."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, व्हॉल्व हळूहळू विझले. हमिंग चालूच.

तेव्हापासून तो दिवस डोक्यातून जात नाही. मी कॉलेजात, सुट्टीत तुमच्या हाताखाली. शिरड शहापूरचं भजनी मंडळ त्यांचं मशीन न्यायला आलंय, तुम्ही महिनाभर खपून बांधलेला भजनाचा ॲम्प्लिफायर. आणि मी सगळ्यांसमोर म्हणतो, "उस्ताद, हमिंग येऊन राहिली." तुम्ही वाकून कान लावता. "न्हाई रे. जा, कान धुऊन ये." मी पुन्हा तेच म्हणतो. मंडळातले एक बाबा हसतात, "पोरगं शिकलेलं हाय, उस्ताद. आता वय झालं तुमचं." मशीन तिथंच ठेवून ते निघून गेले. त्यानंतर तुम्ही दुरुस्त्या केल्या, नवं मशीन मात्र बांधलं नाही.

तुमचे कान गेले होते आणि मी खरं बोललो, असंच मी धरून चाललो. आता काही कळत नाही. हा आवाज माझ्या कानात आज आला की तेव्हाही होता? तुम्हाला विचारायचं तर तुम्ही नाहीत, म्हणून हे वहीतच राहील. पण एक पक्कं आठवतं, ते कुणालाच सांगितलेलं नाही: मी मशीनला कान लावलाच नव्हता. दाराशी उभा होतो.

उद्या: भिंतीकडे तोंड करून बसायचं, लेकीने न सांगता ॲम्प्लिफायरचं बटण चालू-बंद करायचं, आणि मला काय ऐकू आलं ते लिहून ठेवायचं.