न उतरणारा लाल

मास्तर, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली आणि पहिलं पत्र आज लिहितोय, राग मानू नका. तिसरीनंतर शाळा सुटली, त्यामुळे माझं अक्षर तुम्ही सोडलंत तिथंच थांबलंय. पण विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही आणि माझ्या जिवाला चैन नाही.

नात मॅट्रिक पास झाली. तिला पुण्याच्या कॉलेजात जायचंय. मुलगा गिरणीत कामाला आहे, तो म्हणतो, "तुमी म्हणाल तसं." म्हणजे सगळं माझ्या माथी. त्यात मागच्या आठवड्यात त्याच कॉलेजची मंडळी सोलापुरात सभेला आली आणि नात मला हट्टानं घेऊन गेली. एकजण उभे राहून कॉलेजचं कौतुक सांगू लागले. आमचा विद्यार्थी गणितात साऱ्या इलाख्यात पहिला. दुसरा संस्कृतात पहिला. जुना एक विद्यार्थी मुनसफ झाला, एक विलायतेहून डॉक्टर होऊन आला. मी शेजारच्याला म्हणालो, "सगळेच पहिले, तर दुसरे बसतात कुटं?"

तो म्हणाला, "म्हातारबा, गप बसा की. लोक बघायलेत."

पण मन गप कसं बसणार? बाजारात जो फार ओरडतो त्याच्या टोपलीत तळाला कसला माल असतो, ते मी जन्मभर पाहत आलोय. मग रसायनाचे प्राध्यापक पुढे आले. त्यांच्या हातात लालभडक लुगडं. म्हणाले, हा लाल आम्ही कॉलेजात तयार केला, हा कधी उतरणार नाही. मास्तर, माझी हयात सूत रंगवण्यात, रंगाच्या नांदीपाशी गेली, हे ऐकून मी बसून राहीन का? उठलो, पुढे गेलो, पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि माझ्या पांढऱ्या धोतरावर खसाखसा घासलं. सगळी सभा हसली. नातीनं मान खाली घातली. धोतर पांढरंच राहिलं.

"थुंकीनं काय कळतंय?" मी म्हणालो. "आठ दिवस माझ्याकडं द्या. टिकला तर नात तुमच्या कॉलेजात. उतरला तर तुमचे ते सगळे पहिलेबी तसलेच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. कात्री मागवून त्यांनी पदराचा तुकडा कापून दिला. "उतरला तर मला जरूर कळवा आजोबा. मला ते समजायला हवं." तेव्हा तर माझा संशय आणखी वाढला. आपल्या मालाची खोट ऐकायला इतका उत्सुक माणूस मी पाहिलेला नाही.

घरी तुकडा पांढऱ्या चिंधीत बांधून रिठ्यात घासला, सोड्यात उकळला, पत्र्यावर उन्हात टाकला, पुन्हा उकळला. चिंधी पांढरीच. नात चुलीपाशी येऊन म्हणाली, "ताता, उकळायलाय ते त्या तुकड्याला का मला?" आमच्यात आजोबाला ताता म्हणतात. मी जाळ सारत राहिलो.

त्या वाफेत तुम्ही दिसलात. तुम्ही आमच्या अंगणात उभे आहात, वडील नांदीत कोपरापर्यंत हात घालून बसलेत. तुम्ही म्हणता, पोराला शाळेतून काढू नका, हुशार आहे. वडील वर न बघता विचारतात, "शिकून आमच्यातला कोण मोठा झाला? एक तरी दावा." तुम्हाला एकही नाव सांगता येत नाही. वडील तुमचा दंड धरून तुम्हाला दारापर्यंत पोचवतात आणि त्यांच्या बोटांचे लाल ठसे तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटतात. तो सदरा तुम्ही पुढेही घालत होता. सुताचे गठ्ठे घेऊन शाळेवरून जाताना मी पाहायचो. ठसे दर धुण्याला फिके होत गेले. एके दिवशी दिसेनासे झाले, तेव्हा वाटलं, आता मास्तर आपल्याला विसरले.

त्या दिवशी तुमच्याकडे एक नाव असतं तर? त्या सभेत इतकी नावं सांगितली, आणि माझा एकावरही विश्वास बसला नाही.

शब्द दिलाय, म्हणून परवाच्या गाडीनं नात निघेल. तिनं वळकटी बांधलीसुद्धा. खरं सांगू? रंग पक्का आहे हे मला धोतरावर घासलं तेव्हाच कळलं होतं. पुढचं सगळं उकळणं तो उतरावा म्हणून होतं. सभा हसली तेव्हा तिनं खाली घातलेली मान डोळ्यांपुढून जात नाही. पुण्याहून शिकून आल्यावर चार लोकांत ती मला ताता म्हणून हाक मारील का?

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं मला ठाऊक नाही. त्या लाल तुकड्यात गुंडाळून ठेवतोय. पण तुम्ही मास्तर होता, तुमच्या हाताखालून कितीतरी पोरं गेली, तुम्हाला माहीत असेल. गाडी सुटायच्या आत तेवढं कळवा.