शेंड्याची सातवी चिठ्ठी

चिरंजीव शेंडेफळास,

ताईचे भरघोस आशीर्वाद, आणि मागच्या दोन पत्रांना उत्तर न दिल्याबद्दल पाठीत एक धपाटा, तोही पोचला असं समज. शिलाई मशीनवर वाकून वाकून तुझी कंबर धरते म्हणे, आता कशी आहे? तुझ्या बायकोची तब्येत मी विचारत नाही. ती ठणठणीतच असणार, म्हणून तर तुझी कंबर धरते. इकडे माझी तब्येत उत्तम आहे, अब्रू तेवढी जरा खालावली आहे. त्याचंच हे पत्र. चहा घेऊन बस.

आमच्या तळमजल्यावर कोशवाले राहतात, हे तुला सांगितलंच होतं. (नव्हतं सांगितलं? बरं, मग आता सांगितलं.) जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता निवृत्त झाल्यावर स्वतःचा शब्दकोश करायला घेतलाय. एका वापराची एक चिठ्ठी. वर शब्द, पुढे आकडा, खाली वाक्य. चिठ्ठ्या ठेवायच्या बुटांच्या खोक्यात. माणसाकडे बूट एक जोडी आणि खोकी चाळीस! तर हे गृहस्थ 'शेंडा' शब्दाला अडले. शिकलेल्या लोकांना विचारलं की ते शिखर म्हणतात नाहीतर टोक म्हणतात, शेंडा कुणाला धड वापरता येत नाही. कुणीतरी सांगितलं, गच्चीवरच्या खोलीतली म्हातारी खेड्यातल्या शाळेत शिकलीये, तिला येईल. आले बहात्तर पायऱ्या चढून, धापा टाकत.

मी काय, दिले शब्द. पहिला, झाडाचा शेंडा, तो कुणालाही येतो. दुसरा नाकाचा: 'सूनबाईचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो.' तिसरा, 'माझ्या मुलाच्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा.' चौथा उसाचा, बुडाशी गोड आणि शेंड्याला पाणचट, तिथे मी उदाहरण म्हणून आमचे थोरले दीर दिले. पाचवा तू. 'आमचं शेंडेफळ पन्नाशीला आलं तरी सुई टोचली की आईला हाक मारतं.' आता तू कोशात गेलास, तुझे पांग फिटले. सहावा माझ्या मिरचीच्या रोपांवरून सुचला. शेंडा खुडला की लोकांना वाटतं रोप संपलं, पण ते मग बाजूने फुटतं आणि आधीपेक्षा जास्त मिरच्या धरतं. हे लिहून घेताना ते बराच वेळ पेन धरून नुसतेच बसले होते. (शाई संपली असेल.) या सहा चिठ्ठ्यांना चार महिने लागले. शब्द मोठा आहे.

आता संकट ऐक. माझ्या चष्म्याची काडी मोडली, ती दुरुस्तीला न्यायची म्हणून मुलाने डबी उघडली, तर आत चिठ्ठी. कोशवाल्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. वर 'शेंडा, ७', आणि खाली, 'बहात्तर पायऱ्या चढून आलो की वाटतं, आता मला कुणी खाली जा म्हणू नये.' मुलाने ती तीनदा मोठ्यांदा वाचली. तिसऱ्यांदा तर समोरच्या बिऱ्हाडालाही पाठ झाली असेल. मी म्हटलं, "अरे, उदाहरण आहे ते! वर बघ, शब्द लिहिलाय, आकडा घातलाय." तर म्हणतो, "आई, या वयात! लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना शेंडा शब्दच येत नाही, ते कपाळ म्हणणार!" सूनबाईने चिठ्ठी हातात घेतली, वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत चहा टाकायला गेली. नाकाच्या शेंड्यावर काहीसुद्धा नव्हतं, तेव्हाच मी घाबरले.

त्या दिवसापासून गच्चीला कुलूप आणि माझी खाट खाली मुलाच्या घरात, फ्रिजशेजारी. कारण काय, तर म्हणे माझे गुडघे. वीस वर्षांत माझे गुडघे कुणाला आठवले नव्हते. फ्रिज रात्रभर तुझ्या कैलासवासी मेव्हण्यांसारखा घोरतो, ते तरी कूस बदलायचे. कोशवाले बिचारे वर गेले, कुलूप बघून परत आले. मुलगा म्हणाला, "शब्द हवे असतील तर दारात उभं राहून मागा." त्यांनीही इमानदारीने उंबऱ्याबाहेर उभं राहून 'बुडखा' मागितला. मी आतून ओरडून दिला.

तर बाबा, माझी खोली मला परत मिळायला हवी. मुलगा जगात एका मामाला भितो. त्याला चार ओळी खरमरीत लिही. लिही की तुझी आई साधी बाई आहे, चिठ्ठी कोशाची आहे, आणि त्या गृहस्थांना चार दात आहेत, त्यातले दोन हलतात.

तुझी, शेंड्यावरून उतरवून फ्रिजशेजारी ठेवलेली,
ताई

ता. क. सोबत एका सदऱ्याचं माप आहे. छाती चाळीस, बाही चोवीस, डावा खांदा किंचित उतरता, तो सांभाळून घे. कुणाचं ते विचारू नकोस. मापं मी स्वतः घेतलीयेत, चुकायची नाहीत. रंग फिका, गळ्याची पट्टी मऊ.

पुन्हा ता. क. सदरा टपालाने पाठवू नकोस, घेऊनच ये. सोळा तारखेला सकाळी अकराला नोंदणी कचेरीत एक साक्षीदार कमी पडतोय. मुलाला पत्र लिहिलं असशील तर फाड. त्याला पंधराला संध्याकाळी तू समोर बसून सांगायचंस, मला हसू येईल.

आणखी एक. बाकीच्या साक्षीदारांत सूनबाई आहे. गच्चीच्या कुलपाची दुसरी किल्लीही तिनेच दिली, मिरच्यांना पाणी घालायला म्हणून. त्या दिवशी चहा देताना ती माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "आई, सातव्या चिठ्ठीच्या वाक्यात शेंडा शब्द आहेच कुठे?" पोराने तीनदा वाचली, त्याला दिसलं नाही. आणि तूही वर वाचून पुढे गेलास ना? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस रे तो, एवढी ढळढळीत चूक काय उगाच करेल?