आईला वगळून

४ मार्च

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्राला कारण राग आहे, म्हणून खुशाली विचारत नाही. रविवारी उपासना संपल्यावर आई एकटी बस पकडून माझ्याकडे आली. आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, पाळकाने, म्हणजे माझ्याच मुलाने, प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्यासमोरून नेऊन शेजारणीपुढे धरलं. दादा, ब्याऐंशी वर्षांच्या बाईला असं भर मंडळीत वगळताना तुला काहीच वाटलं नाही?

तुमच्या चर्चच्या पंचांनी म्हणे नवं विश्वासपत्रक छापलंय. मोठेपणी, समजून-उमजून, पाण्यात पूर्ण बुडून ज्याचा बाप्तिस्मा झाला, त्यालाच प्रभूच्या मेजावर जागा. आईच्या कपाळावर तान्हेपणी पाणी शिंपडलं, माझ्या सासरच्या चर्चमध्ये शिंपडतात तसं. म्हणून ती परकी? तीस वर्षं तिने तुमच्या आजाऱ्यांना डबे पोचवले, तेव्हा कुणी तिचा बाप्तिस्मा तपासला नाही. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात मरणारं माणूस माझा हात धरतं, तेही माझा पंथ विचारत नाही.

थोरला आहेस म्हणून इतकंच. धाकटा असतास तर येऊन कान पिळला असता. लोभ आहे, पण सध्या तापलेला.

तुझी चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

नर्सबाई, राग मलाही येतो. तान्ह्या लेकराला पश्चात्ताप म्हणजे काय कळतं? आधी विश्वास, मग पाणी, हे मी आयुष्यभर शिकवलं. पोटासाठी शिकवलं नाही, मला ते खरं वाटतं. नियम सगळ्यांना आणि पाळकाच्या आईला सूट, असं केलं तर लोक म्हणतील, आपला तो बाब्या!

लग्न करून तू दुसऱ्या पंथाच्या मंडळीत गेलीस, मी अडवलं नाही. आता मला धर्म शिकवू नकोस. आईला सांग, बाप्तिस्म्याच्या हौदातलं पाणी कोमट करतो, दोघीजणी तिला धरतील, क्षणाचं काम. मग पहिलं ताट तिच्यापुढे.

राग ओसरल्यावर लिही.

तुझा दादा

१५ मार्च

चि. लेकास,
आईचे आशीर्वाद.

मी सांगते, चिमणी लिहिते. तिने मधे घातलेल्या शिव्या मी खोडायला लावल्या आहेत.

पाण्याला मी भीत नाही. पण हौदात उतरले तर माझ्या वडिलांनी मला उचलून देवापुढे नेलं ते खोटं होतं, असं कबूल केल्यासारखं होईल. मी तीन वर्षांची असताना ते गेले. त्यांनी माझ्यासाठी केलेलं तेवढंच मला माहीत आहे. देवाने धरलं तेव्हा मला काही कळत नव्हतं, हाच तर माझा विश्वास. कळल्यावर धरलं असतं तर त्यात माझी हुशारी आली असती.

मला राग आलाय तो ताटाचा नाही. तू मान खाली घालून पुढे सरकलास, त्याचा. पुढच्या प्रभुभोजनाला मी येणार, त्याच बाकावर बसणार. द्यायचं नसेल तर माझ्याकडे बघून नाही म्हण.

तब्येत सांभाळ.

आई

८ एप्रिल

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

काल आई आली. मी तिच्यासमोर थांबलो, तिच्याकडे बघितलं आणि नाही म्हणालो. तिने मान डोलावली.

सगळ्यांना वाटून झाल्यावर शेवटी पाळकाने घ्यायचं असतं. मी तुकडा उचलला आणि परत ताटात ठेवला. मंडळीला सांगितलं, माझा विश्वास बदललेला नाही, बाप्तिस्मा बुडवूनच. पण आईला उठवून मी या मेजावर बसू शकत नाही. पंच संतापले. संध्याकाळी बैठक झाली आणि मला महिन्याची मुदत मिळाली. नीट प्रभुभोजन घे, नाहीतर पाळकपद सोड.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पंचांवरचा तर नाहीच.

मला वाटलं होतं, निदान आईला बरं वाटेल. ती म्हणाली, तू उपाशी राहिलास म्हणून माझं पोट भरत नाही. चिमणे, सुट्टी काढून ये. भांडायला का होईना, ये.

दादा